राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण : हक्काच्या वाट्याची वाटचाल

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची स्थापना १ ऑक्टोबर २००३ रोजी चेन्नई येथे झाली. देशातली झाडेझुडपे, पिकांचे वाण, जनावरांच्या जाती, मातीपाण्यातले सूक्ष्मजीव आणि या सगळ्यांविषयी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले ज्ञान कोणी वापरायचे, कोणत्या अटींवर वापरायचे आणि त्यातून कमाई झाली तर तिचा वाटा राखणदारांपर्यंत कसा पोचवायचा, हे ठरवणारी ही देशातली सर्वोच्च संस्था आहे. तिच्या खालोखाल राज्यांची जैवविविधता मंडळे येतात आणि तळाशी प्रत्येक ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची, महानगरपालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांतले अनेकजण अशाच एखाद्या समितीचे सदस्य, सरपंच किंवा ग्रामसेवक असतील. म्हणून हा इतिहास चेन्नईच्या कार्यालयापेक्षा गावाच्या बाजूने सांगणे मला अधिक रास्त वाटते.

या संस्थेची गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९९२ पर्यंत जगाचा रिवाज सोपा होता. बियाणे, वनस्पती, जंतू ही साऱ्या मानवजातीची सामायिक ठेव मानली जाई. ऐकायला हे उदार वाटते, पण व्यवहारात ज्यांच्याकडे जंगल होते ते देत राहिले आणि ज्यांच्याकडे प्रयोगशाळा व पेटंट कार्यालये होती ते घेत राहिले. फुकट नेलेल्या वाणातून तयार झालेले औषध किंवा बियाणे मग त्याच लोकांना पैसे मोजून विकत घ्यावे लागे. जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि हा रिवाज मोडला. जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे, ती नेण्यापूर्वी संमती घ्यावी लागेल आणि लाभ न्याय्य रीतीने वाटावा लागेल, असे या कराराने सांगितले. भारताने १९९४ मध्ये त्याला मान्यता दिली.

करार झाला तरी घरात कायदा नव्हता. त्या पोकळीतच हळदीचे प्रकरण घडले. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. कापले की हळद दाबायची, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. पण अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला आजीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी हे आव्हान स्वीकारले. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने परिषदेने बत्तीस संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. कडुनिंबाच्या तेलावरचे युरोपातले पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि अपिलाचा निकाल २००५ मध्ये लागला. एवढ्या मेहनतीने आणि खर्चाने एकेक पेटंट पाडत बसणे परवडणारे नव्हते. त्यातही ज्याची छापील नोंदच नाही त्या ज्ञानाचे काय, हा प्रश्न उरतच होता. डोंगरातल्या वैदूच्या तोंडी असलेले औषध कोणत्या नियतकालिकात सापडणार?

याच सुमारास केरळात एक वेगळा प्रयोग चालू होता आणि प्राधिकरणाच्या पूर्वेतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्यासोबतचे संशोधक अगस्त्य डोंगररांगांत हिंडत होते. चढणीवर संशोधक दमून गेले, पण सोबतचे काणी आदिवासी वाटाडे टवटवीत. ते अधूनमधून काही बारीक फळे तोंडात टाकत होते. आधी त्यांनी सांगायला नकार दिला, कारण जमातीबाहेर हे सांगायचे नाही असा दंडक होता. पुढे विश्वास बसल्यावर त्यांनी आरोग्यपच्चा नावाची ती वनस्पती दाखवली. पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार केले आणि कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर परवाना दिला. दोन्ही रकमांतला निम्मा वाटा काणी समाजाचा ठरला. १९९७ मध्ये समाजाचा न्यास स्थापन झाला आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून अधिक रुपये न्यासाच्या खात्यात आले. तेव्हा देशात यासाठी कोणताही कायदा नव्हता, प्राधिकरण नव्हते, टक्केवारीचा तक्ताही नव्हता. काही माणसांनी न्याय्य वाटले म्हणून वाटा दिला. पुढे या वनस्पतीच्या लागवडीला वन खात्याच्या हरकती आल्या आणि उत्पादन अडखळले. समाजातही मतभेद झाले, कारण ज्यांनी ज्ञान सांगितले ते थोडे होते आणि ज्यांचे ते ज्ञान होते ते पुष्कळ. प्राधिकरणाला आजही सतावणारे बहुतेक सगळे प्रश्न या एका प्रकरणात दिसतात.

जैवविविधता कायद्याचा मसुदा घडवताना डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या समितीने पाया घातला. डॉ. माधव गाडगीळ यांचे योगदान आम्हा मराठी माणसांना विशेष जिव्हाळ्याचे. पुण्यात वाढलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या गाडगीळांनी १९९० च्या दशकातच गावोगावी लोकांकडून जैवविविधतेच्या नोंदवह्या करून घेण्याचे प्रयोग केले होते. गावाने आपली संपत्ती आपण मोजावी, आपल्या भाषेत लिहावी आणि त्या नोंदीला कायद्याचे बळ मिळावे, ही त्यांची धारणा. कायद्यातली लोकजैवविविधता नोंदवही त्या धारणेतूनच आली. विधेयक मे २००० मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि डिसेंबर २००२ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुण्याच्या कल्पवृक्षसारख्या संस्थांनी तेव्हाच एक आक्षेप नोंदवला होता : समितीशी ‘सल्लामसलत’ करावी एवढेच कायदा म्हणतो, तिची संमती लागेल असे म्हणत नाही. तो आक्षेप खरा होता आणि आजही खरा आहे.

प्राधिकरणाचा संसार चेन्नईच्या नीलंकराई भागात सुरू झाला. पुढे कार्यालय तारामणीच्या टायसेल बायोपार्कमध्ये गेले. १५ एप्रिल २००४ रोजी नियम आले आणि जुलैपासून कायद्याची उरलेली कलमे लागू झाली. सुरुवातीच्या कामाचा गाभा म्हणजे चार नमुन्यांचे अर्ज. परदेशी व्यक्ती वा कंपनीला जैविक संसाधन हवे असेल, संशोधनाचे निष्कर्ष बाहेर द्यायचे असतील, पेटंट मागायचे असेल, किंवा एकाने घेतलेले संसाधन तिसऱ्याला सोपवायचे असेल, तर त्या त्या नमुन्यात अर्ज करायचा. प्राधिकरण तो तपासणार, स्थानिक समितीशी सल्लामसलत करणार, मग करारनामा होणार. भारतीय कंपन्यांनी मात्र आपल्या राज्य मंडळाला आगाऊ कळवायचे. गावातले लोक, शेतकरी, पशुपालक, वैदू आणि हकीम यांना स्वतःच्या वापरासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. कायद्याच्या धाकाने वैदूला जंगलबंदी झाली, अशी आवई अनेक ठिकाणी उठते, म्हणून हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पहिल्या दशकात मोठे करार थोडेच झाले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेले समुद्रशैवाल पेप्सिको कंपनीने आग्नेय आशियात निर्यात केले आणि त्यापोटी सदतीस-अडतीस लाख रुपये भरले. ही रक्कम शैवाल वाढवणाऱ्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांसाठी होती. मला मात्र अमरचिंताचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या या गावातून हैदराबादच्या एका कंपनीने कडुनिंबाचा दोन हजार किलो वाळलेला पाला जपानला पाठवला. प्राधिकरणाने ठरवलेल्या स्वामित्वधनातून सुमारे पंचावन्न हजार रुपये गावाच्या समितीला मिळाले. त्यातून कडुनिंबाची रोपे लावली गेली आणि लोकांना या कायद्याची माहिती देण्यात आली. रक्कम लहान, पण ज्या पाल्याला गावात कोणी मोल देत नव्हते त्याचे पैसे समितीच्या खात्यावर जमा झाल्याचे लोकांनी पाहिले.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर याच काळात भारताचे वजन वाढले. लाभवाटपाचे नियम पक्के करणारा नागोया प्रोटोकॉल ऑक्टोबर २०१० मध्ये स्वीकारला गेला. भारताने २०१२ मध्ये, हैदराबादला जैवविविधता कराराची अकरावी परिषद भरली तेव्हा, त्याला मान्यता दिली. १२ ऑक्टोबर २०१४ पासून तो अमलात आला. या प्रोटोकॉलखालचे आंतरराष्ट्रीय अनुपालन प्रमाणपत्र सर्वप्रथम भारतानेच २०१५ मध्ये दिले. ते गुजरातमधल्या सिद्दी समाजाच्या औषधी ज्ञानाविषयी होते.

महाराष्ट्र या प्रवासात उशिरा सामील झाला. राज्याचे नियम २००८ मध्ये आले आणि मंडळ २०१२ मध्ये नागपुरात स्थापन झाले. डॉ. एरच भरुचा यांच्यासारखा जाणकार अध्यक्ष त्याला लाभला. अल्लापल्लीचे वनवैभव, जळगावची लांडोरखोरी, पुण्याचे गणेशखिंड उद्यान, सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल आणि आंबोलीचा हिरण्यकेशीच्या माशाचा अधिवास ही जैवविविधता वारसास्थळे म्हणून जाहीर झाली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळामार्फत राबवायच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. पिकांचे वाण, देशी जनावरे, गोड्या पाण्यातली आणि समुद्रातली जीवसृष्टी जतन करण्याचे हे काम आहे.

आता अप्रिय भाग. कायदा होऊन दहा-बारा वर्षे झाली तरी बहुतेक ठिकाणी समित्या कागदावरही नव्हत्या. देशातल्या अडीच लाख स्थानिक संस्थांपैकी काही हजारांनीच समित्या नेमल्या होत्या, नोंदवह्या त्याहून कितीतरी कमी. ज्या समित्या जाग्या होत्या त्यांनी मात्र हिंमत दाखवली. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या एकलहरा गावच्या समितीने थेट राष्ट्रीय हरित लवादापुढे धाव घेऊन नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे कोळशावरचा वाटा मागितला. कोळसाही शेवटी वनस्पतींपासूनच बनला, असा त्यांचा युक्तिवाद. २०१५ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि कायद्याची व्याख्या पाहता ते बरोबरच होते. तरीही एका खेड्याच्या समितीने एवढ्या मोठ्या सरकारी कंपनीला उत्तर द्यायला भाग पाडले, याचे मला फार अप्रूप वाटते.

लाभ किती घ्यायचा याचा हिशेब नोव्हेंबर २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रथमच स्पष्ट केला. व्यापाऱ्याने खरेदी किमतीच्या एक ते तीन टक्के, उत्पादकाने तीन ते पाच टक्के द्यायचे. किंवा उत्पादकाने विक्रीच्या हिशेबाने, कोटीपर्यंत ०.१ टक्का, तीन कोटींपर्यंत ०.२ आणि त्यापुढे ०.५ टक्का. म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याने रानातली औषधी दहा लाखांना घेतली तर दहा ते तीस हजार रुपये वाट्याचे. जमा रकमेतला पंचाण्णव टक्के भाग संबंधित समितीकडे किंवा लाभधारकाकडे जावा, असेही ठरले. कंपन्या यावर लगेच कोर्टाची पायरी चढल्या. आमच्यासारख्या स्वदेशी कंपन्यांना हे लागूच नाही, असा हरिद्वारच्या दिव्य फार्मसीचा दावा होता. उत्तराखंड मंडळाने तिच्याकडे सुमारे दोन कोटी चार लाख रुपये मागितले होते, तेही चारशे एकवीस कोटींच्या विक्रीवर. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाचे न्या. सुधांशु धुलिया यांनी निकाल दिला की स्थानिक लोकांचा हक्क देशी आणि परदेशी कंपनीकडून सारखाच दुखावतो आणि म्हणून वाटा दोघांनीही द्यायचा. प्राधिकरणाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा न्यायनिर्णय नाही.

वर्षभरातच दुसरा दट्ट्या बसला. चंद्रभाल सिंह यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१९ मध्ये बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व समित्या आणि सर्व नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी दरमहा दहा लाख रुपये भरावेत. झोपलेली यंत्रणा खडबडून जागी झाली. काही महिन्यांत समित्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास गेली. एकट्या महाराष्ट्रात आज सुमारे अठ्ठावीस हजार समित्या आहेत.

पण हे घाईचे पीक होते. नोंदवहीचे काम ठिकठिकाणी बाहेरच्या कंत्राटदारांना दिले गेले. खरी नोंदवही कशी होते? अकोले किंवा जुन्नरच्या डोंगरातला एखादा जाणता हिरडा दाखवतो, बाळहिरडा कधी वेचायचा आणि सुरवारी हिरडा कधी, कोणत्या ओढ्याच्या काठी झाडे उरली आहेत, पूर्वी किती होती, साल काढल्याने कोणती वाळली हे सांगतो. रानभाज्या बायका सांगतात, गाळपेरीचे भात म्हातारे सांगतात, मासळीची नावे धनगरांपेक्षा भोयांना जास्त ठाऊक असतात. एकेक रकाना भरायला ऋतू उलटतो. घाईत भरलेल्या वहीत यातले काय येणार? शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत तीच झाडे, त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह लिहिलेली आढळली तर ती वही कोणाच्या उपयोगाची? आपल्या गावातून काय नेले गेले, हे सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा हीच वही पुरावा म्हणून उघडावी लागणार आहे. हे काम पुन्हा, नीट आणि गावकऱ्यांच्या हातूनच व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने चित्र आणखी बदलले. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. पूर्वी उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता एक लाख ते पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला सूट मिळाली, लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही मिळाली. लागवडीची सूट योग्यच, त्याने जंगलावरचा ताण कमी होईल. ग्रंथबद्ध ज्ञानाची सूट मात्र मला पटत नाही. ग्रंथात लिहिलेली झाडे रानातूनच येतात आणि ते रान कोणीतरी राखलेले असते. २९ एप्रिल २०२५ च्या नव्या विनियमांनी पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना लाभवाटपातून वगळले. त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ०.२, अडीचशे कोटींपर्यंत ०.४ आणि त्याहून वर ०.६ टक्का. या विनियमांत जनुकांच्या डिजिटल अनुक्रम माहितीचाही समावेश झाला, हे दूरदृष्टीचे पाऊल. आता पान किंवा माती विमानाने न्यावी लागत नाही. त्यांतल्या जनुकांचा अनुक्रम संगणकावरून पाठवला की काम होते.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दारची बातमी आली. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील साखरवाडी, पुणे जिल्ह्यातल्या हवेली तालुक्यातील कुंजीरवाडी आणि उत्तर प्रदेशातील कासगंज या तीन ठिकाणच्या समित्यांना प्राधिकरणाने राज्य मंडळांमार्फत प्रत्येकी साडेपंचेचाळीस लाख रुपये दिले. एका कंपनीने तिथल्या मातीतून आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून सूक्ष्मजीव मिळवले होते. त्यांच्या मदतीने तिने फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे उत्पादन घेतले, जे साखरेपासून बनते, गोडीला हलके असते आणि आतड्यातल्या उपकारक जंतूंचे खाद्य ठरते. साखरवाडी हे नावाप्रमाणे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव, कुंजीरवाडीही उसाच्या पट्ट्यातले. डोळ्यांनी न दिसणारा जीव, तोही ज्या सांडपाण्याच्या वासाने लोक नाक मुठीत धरतात त्यातला! त्याच्यासाठी गावाला अर्ध्या कोटीच्या घरातली रक्कम मिळू शकते, हे कोणी सांगितले असते तर पाच वर्षांपूर्वी ग्रामसभेत कोणाचा विश्वास बसला नसता.

हे पैसे मिळण्यासाठी तिन्ही ठिकाणी समिती अस्तित्वात असणे आवश्यक होते. ज्या गावात ती नाही, किंवा आहे पण तिचे बँक खाते नाही, त्या गावाचा वाटा मधेच अडकतो. सुधारित कायद्यानुसार समितीत सात ते अकरा सदस्य असावेत, किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि किमान अठरा टक्के सदस्य अनुसूचित जाती-जमातींचे असावेत. वाचकांना एवढीच विनंती आहे : येत्या ग्रामसभेत लोकजैवविविधता नोंदवही मागा. समितीवर कोण आहे, खाते उघडले आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. वहीत तुमच्या शिवारातला ओढा, तुमच्या घरचे वाण आणि तुमच्या वैदूचे औषध नसेल, तर दुरुस्तीचा ठराव त्याच सभेत मांडा आणि त्याची प्रत नागपूरच्या मंडळाकडे पाठवा.